वाळवंटी रंगाची किंमत : गाडीचा लेप आणि फवारणाऱ्याचा श्वास

१९९० च्या अखेरीस सौदी अरेबियाच्या दम्माम आणि जुबैल या बंदरांत अमेरिकी लष्कराच्या गाड्या जहाजांतून उतरत होत्या. रणगाडे, चिलखती वाहने, मालवाहू ट्रक, हमवी. आणि त्यांपैकी असंख्य गाड्या गर्द हिरव्या. कारण उघड होते. जर्मनीतून निघालेली सातवी कोअर सोव्हिएत सैन्याशी युरोपच्या अरण्यांत लढण्यासाठी सज्ज केलेली होती. आता तिच्यासमोर पिवळ्या वाळूचा अथांग प्रदेश होता आणि त्यात हिरवी गाडी मैलोगणती अंतरावरून दिसणार होती. मग बंदरावरच रंगकामाचे तळ उभारले गेले आणि गाड्यांची रांग फवारणीसाठी लागली.

हा धागा त्या फवारणीबद्दल आहे. खडतर वाटेवर चालणाऱ्या गाडीच्या अंगावर संरक्षक लेप का आला, तो कोठून आला आणि तो मारणाऱ्याच्या शरीराचे काय झाले, हे पाहायचे आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी थोडे मागे जाऊ. मोटारीला रंग देण्याची विद्या घोडागाडीकडून आली. तेल आणि राळ यांचे रोगण कुंचल्याने चढवायचे, वाळू द्यायचे, घासायचे, पुन्हा चढवायचे. या साऱ्यात कित्येक आठवडे जात. कारखान्यातील बाकीची जुळणी कितीही वेगाने झाली, तरी रंगशाळेत गाड्या वाळत पडलेल्या असत, आणि त्यांच्यासाठी प्रचंड छपरे बांधावी लागत.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा काळा रंग सर्वांना ठाऊक आहे. १९१४ ते १९२५ या काळात ती केवळ काळ्या रंगात मिळे. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून तो निवडला, ही कथा सर्रास सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. तो काळा लेप डांबरी खनिजापासून बनलेला होता, स्वस्त होता, भट्टीत भाजता येत होता आणि पाण्याला दाद देत नव्हता. इंग्रजीत त्याला जपानचे नाव चिकटले, कारण पूर्वेकडील लाखकामाची युरोपीय नक्कल म्हणून तो प्रकार जन्मला होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : फोर्डच्या कारखान्यात हा रंग मुख्यतः भाग बुडवून किंवा वरून ओतून चढवला जाई. हवेत त्याचा धुरळा फारसा उडत नसे.

फवारणीचे यंत्र तेव्हा अस्तित्वात होते. त्याचा उगम मात्र कारखान्यात झालेला नाही. अमेरिकेतील टोलेडो शहरात ॲलन डीव्हिल्बिस नावाचे घशाचे वैद्य होते. रुग्णाच्या घशात औषध बोळ्याने लावण्याऐवजी त्याचे बारीक तुषार सोडता यावेत, म्हणून त्यांनी रबरी फुग्याचे एक उपकरण तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांचे पुत्र टॉमस यांनी तेच तत्त्व रंगाला लावून स्प्रे गन घडवली. द्रवाचे इतके सूक्ष्म कण करायचे की ते श्वासाबरोबर खोलवर जावेत, हा त्या मूळ उपकरणाचा हेतू होता. रंगाच्या बाबतीत हाच गुण पुढे घातक ठरला.

मोठ्या प्रमाणावरील फवारणी लोकांनी पाहिली ती १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात. तेथील भव्य इमारती मुदतीत पांढऱ्या करण्यासाठी फ्रान्सिस मिलेट यांच्या देखरेखीखाली दाबाच्या हवेने रंग उडवण्यात आला. (हेच मिलेट १९१२ मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाले.)

मोटारींच्या कारखान्यांत स्प्रे गन खऱ्या अर्थाने शिरली ती पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात ड्यू पॉन्ट कंपनीने धूरविरहित दारूसाठी नायट्रोसेल्युलोजचे अफाट उत्पादन केले होते. युद्ध संपले, दारूची मागणी सरली आणि त्याच रसायनकुळातून झटपट वाळणारा लॅकर तयार झाला. त्याचे नाव ड्यूको. जनरल मोटर्सने १९२३ मध्ये ओकलंड नावाच्या गाडीवर निळ्या रंगात तो सादर केला. तो इतक्या वेगाने वाळे की कुंचल्याने सारखा करण्याची उसंतच मिळत नसे; फवारणीवाचून गत्यंतर नव्हते. आठवड्यांचे काम तासांवर आले.

मात्र जुन्या पद्धतीच्या गनमधून सुटणाऱ्या रंगापैकी निम्म्याहून अधिक रंग पत्र्यावर बसतच नाही. तो हवेत राहतो, भिंतींवर बसतो, कारागिराच्या केसांवर आणि छातीत जातो. कुंचल्याच्या काळात रंगाऱ्याला विष चढत नव्हते असे मुळीच नाही. शिशाच्या सफेद्याने रंगाऱ्यांची अन्नदशा केली होती आणि १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेला त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार करावा लागला. पण कुंचला विष हाताला लावतो. गन ते श्वासात मिसळते. हा फरक मोठा आहे.

आता जीपकडे वळू. १९४० च्या जुलैत अमेरिकी लष्कराने हलक्या चौचाकी टेहळणी गाडीची मागणी काढली आणि बॅन्टम या छोट्या कंपनीने सप्टेंबरात तिचा पहिला नमुना सादर केला. पुढे विलिज आणि फोर्ड यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. त्यांचा रंग निस्तेज ऑलिव्ह. चकाकी मुद्दाम मारलेली, कारण उन्हात चमकणारे बॉनेट विमानातून ताबडतोब दिसते.

निस्तेज रंगाची एक किंमत असते. चकाकी मारण्यासाठी रंगात भुकटीचे प्रमाण वाढवावे लागते. त्यामुळे थर सच्छिद्र होतो, माती धरतो, पाणी शोषतो. म्हणजे शत्रूच्या डोळ्यांपासून जो लेप गाडीला अधिक लपवतो, तोच गंजापासून तिला कमी वाचवतो. युद्धकाळात त्याची फिकीर कोणी केली नाही, कारण जीपने वर्षानुवर्षे टिकावे अशी अपेक्षाच नव्हती.

ती टिकली, ही गोष्ट वेगळी. युद्धानंतर मागे उरलेल्या जीपा शेतकरी, ठेकेदार, वनखाती यांच्याकडे गेल्या. मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलिज जीपची जुळणी आरंभली. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तिचा पत्रा मडगार्डच्या कडांपासून आणि फूटबोर्डाखालून कसा सडत जातो, हे जुनी जीप जवळून पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

वेल्समधील अँगलसी बेटावर रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स अशीच एक युद्धातली जीप शेतावर वापरत होते. तिच्यावरून त्यांना लँड रोव्हरची कल्पना सुचली आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांपुढे आली. ब्रिटनमध्ये पोलादाचे नियंत्रण होते, म्हणून वरचे अंग बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचे केले गेले. सुरुवातीच्या गाड्या केवळ हिरव्या होत्या. विमानांच्या कॉकपिटसाठी बनवलेला उरलेला रंग वापरल्यामुळे तसे झाले, असे सांगतात.

लँड रोव्हर गंजत नाही, अशी ख्याती त्यातून पसरली. ती अर्धीच खरी आहे. तिची चासी पोलादाची होती आणि आतून पोकळ. बाहेरून लेप शाबूत आणि आत शिरलेल्या चिखलामुळे पोलाद खाल्ले जात आहे, हा तिचा नेहमीचा रोग. शिवाय पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये मिठाचे पाणी आले, की त्यांची एक लहानशी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत झिजू लागते. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला अधिक झिजणारा धातू जोडून पाहिला होता, आणि १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले. मूळ तत्त्व एकच : झिजायचे असेल तर ते दुसऱ्याने झिजावे.

आजही लेप मारण्यापूर्वीची खरी मेहनत याच कारणाने असते. गंज खरवडून काढणे, पॉलिश पेपरने पत्र्याला चरे पाडणे, तेलकटपणा पुसणे, धातूनुसार प्रायमर निवडणे. गंजावर लेप मारला तर तो गंजाला झाकतो आणि आत निवांतपणे वाढू देतो. वरचा लेप जितका चिवट, तितका हा धोका अधिक, कारण पत्रा आरपार जाईपर्यंत वर काही दिसत नाही.

आता ज्या रसायनाभोवती ही सारी कथा फिरते, तिथे येऊ. १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. (आडनावावरून गैरसमज नको, बायर कंपनीच्या संस्थापकांशी त्यांचे नाते नव्हते.) ड्यूकोसारखा लॅकर वाळतो म्हणजे त्यातील थिनर उडून जातो, थिनर पुन्हा लावला तर तो पुन्हा विरघळतो. पॉलियुरेथेनचे तसे नाही. त्यात दोन डब्यांतील द्रव्ये एकत्र येतात, त्यांचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात आणि जे जाळे तयार होते ते पेट्रोलने, तेलाने, उन्हाने सहजासहजी सुटत नाही. रंगाच्या दुकानात ज्याला हार्डनर म्हणतात, त्या दुसऱ्या डब्यात आयसोसायनेट असते.

आयसोसायनेट हा शब्द भारतीय वाचकाला दचकवणारा आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये पसरला तो मिथाइल आयसोसायनेट. रंगातील आयसोसायनेट त्याच कुळातले असले तरी ते रसायन वेगळे आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. मिथाइल आयसोसायनेट ३९ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, म्हणून ते वायूसारखे पसरले. रंगातील आयसोसायनेटचे रेणू जड असतात, डब्यात ते मुकाट पडून राहतात. पण त्यांचा हा मंदपणा फवारणीपुढे निरुपयोगी ठरतो. जे द्रव्य स्वतःहून हवेत जात नाही, त्याला गन बळेच हवेत पाठवते.

१९५१ मध्येच फ्रान्समधील वैद्यांनी आयसोसायनेट हाताळणाऱ्या कामगारांच्या श्वसनविकारांची नोंद केली होती. या दम्याची रीत विलक्षण आहे. माणूस कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, काहीही त्रास न होता काम करतो. मग त्याचे शरीर त्या द्रव्याला ओळखू लागते, आणि एकदा ओळखले की अतिसूक्ष्म मात्राही धाप लावते. तेव्हा त्याला तो धंदा सोडण्यावाचून सहसा पर्याय उरत नाही. वीस वर्षे कमावलेली हातातली सफाई एका हंगामात निरुपयोगी होते.

लष्कराला पॉलियुरेथेन हवे होते ते वेगळ्याच कारणाने. शीतयुद्धात रासायनिक अस्त्रांची धास्ती होती. गाडीवर मस्टर्डसारखे द्रव्य पडले तर साधा अल्कीड रंग ते स्पंजासारखे शोषतो आणि नंतर हळूहळू बाहेर सोडतो. धुतलेली गाडीही सैनिकाला भाजते. शिवाय शुद्धीकरणासाठी वापरायचा द्राव इतका जहाल असे की तो रंगच उतरवी. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराने रासायनिक अस्त्रांना दाद न देणारा पॉलियुरेथेन लेप स्वीकारला. त्याचे आद्याक्षरी नाव कार्क. त्याच्या हिरव्या छटेत आणखी एक करामत होती : अवरक्त किरणांत पाहिले तरी ती झाडाच्या पानासारखीच दिसे.

एकूण काय, उत्तम लेप. सैनिकाला विषापासून वाचवणारा, गाडीला हवामानापासून आणि शत्रूच्या दुर्बिणीपासून वाचवणारा. तो वाळल्यानंतर निरुपद्रवी असतो. धोका तो ओला असताना, फवारताना, आणि नंतर घासून काढताना.

आता पुन्हा दम्मामला येऊ. वाळवंटात चुकीच्या रंगाच्या गाड्या घेऊन येणारे अमेरिकन काही पहिलेच नव्हते. १९४१ मध्ये जर्मन गाड्या लिबियात उतरल्या त्या युरोपातील गडद करड्या रंगात. सैनिकांनी तेल फासून त्यावर स्थानिक माती थापली आणि वेळ मारून नेली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश एसएएसने तर वाळवंटासाठी लँड रोव्हर गुलाबी रंगवल्या. पहाटे-सांजेच्या धुळकट प्रकाशात गुलाबी रंग क्षितिजात विरून जातो. ‘पिंक पँथर’ म्हणून त्या आजही संग्राहकांच्या लाडक्या आहेत.

१९९० मध्ये मात्र मातीने भागणार नव्हते. वरचा थरही कार्कचाच हवा, नाहीतर रासायनिक हल्ल्यात संरक्षण नाही. आणि इराककडे रासायनिक अस्त्रे होती, ती त्याने इराणविरुद्ध वापरलीही होती. निकड खरी होती. त्यामुळे हा प्रसंग केवळ निष्काळजीपणाचा म्हणून निकालात काढता येत नाही. फ्लोरिडा नॅशनल गार्डच्या ३२५ व्या मेंटेनन्स कंपनीसारख्या तुकड्यांवर हे काम आले. दुरुस्ती हे त्यांचे काम. एवढ्या मोठ्या प्रमाणावर पॉलियुरेथेन फवारण्याची तयारी त्यांच्यापाशी नव्हती. अंगावरील विशेष कपडे आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे मुखवटे या कामाला अत्यावश्यक असतात. ते सर्वांना, विशेषतः सुरुवातीला, मिळाले नाहीत. गाड्यांची रांग मात्र थांबत नव्हती.

युद्धानंतर यांतील काही सैनिकांनी श्वसनाच्या आणि इतर तक्रारी मांडल्या. आखाती युद्धातील आजारांचा तपास करण्यासाठी पेंटॅगॉनने नेमलेल्या कार्यालयाने या रंगकामावर स्वतंत्र अहवाल काढला आणि फवारणी करणाऱ्या काहींना पुरेसे संरक्षण लाभले नव्हते हे मान्य केले. आखाती युद्धातून परतलेल्यांच्या सर्व व्याधींचे खापर या एका लेपावर फोडणे चुकीचे ठरेल. गन हाती धरणारे आणि त्यांच्या आसपास वावरणारे संख्येने थोडे होते. पण त्या थोड्यांच्या बाबतीत कारण पुरेसे जवळचे होते. युद्धाच्या इतिहासात रणगाड्याची जाडी मिलिमीटरमध्ये नोंदवली जाते. त्याला रंग देणारा माणूस तळटीपेतही सहसा सापडत नाही.

याच सुमारास नागरी बाजूने दुसरी एक वाट खुली झाली होती. अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात सामान फेकून फेकून रंग उडे आणि पत्रा गंजे. आधी त्यात प्लॅस्टिकचे आयते तबक बसवत. पण त्याच्याखाली पाणी साचून पत्रा न दिसता कुजे. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून राइनो लायनिंग्ज, लाइन-एक्स यांसारख्या कंपन्यांनी थेट पत्र्याला चिकटणारा जाड, खरखरीत थर फवारायला आरंभ केला. पॉलियुरेथेन आणि त्याचे भावंड पॉलियुरिया ही त्याची सामग्री. पॉलियुरियाची दोन द्रव्ये दोन तापत्या नळ्यांतून येतात, गनच्या तोंडाशी एकमेकांवर आदळतात आणि काही सेकंदांतच घट्ट होतात. हा थर इतका चिवट निघाला की अमेरिकी लष्कराने पुढे स्फोटात भिंती फुटून उडू नयेत म्हणून आणि हमवीच्या चिलखताला जोड म्हणूनही त्याचे प्रयोग केले. लष्कराकडून बाजारात येणाऱ्या वस्तू पुष्कळ. ही उलट्या दिशेने गेली.

हौद्यातून हा लेप बंपरवर, फूटबोर्डावर, मडगार्डच्या कडांवर आणि शेवटी अख्ख्या गाडीवर चढला. आज दोन डब्यांचा खरखरीत लेप आपल्याकडेही मिळतो, आणि थार, जिप्सी, जिम्नी यांचे हौशी मालक तो हौसेने मारून घेतात. काटेरी झुडपांचे ओरखडे त्यावर उमटत नाहीत, दगड आदळला तर पापुद्रा सुटत नाही. पैसे योग्य कामी लागतात, यात शंका नाही. पाचशे रुपयांचा स्प्रे कॅन आणि हा लेप यांची तुलनाच होऊ शकत नाही.

फक्त तो मारताना पाहावे. छपराखालचे एक गॅरेज, कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर, काचांवर वर्तमानपत्रे आणि मास्किंग टेप. कारागिराच्या तोंडाला रुमाल, फार तर धुळीचा मुखवटा. रुमालाने पुटी घासतानाची धूळ काहीशी अडते. आयसोसायनेटच्या धुक्याला तो अडवत नाही. ब्रिटनमध्ये मोटार रंगवणारे कारागीर हा व्यावसायिक दम्याला सर्वाधिक बळी पडणाऱ्यांपैकी एक वर्ग आहे. म्हणून तेथील आरोग्य-सुरक्षा यंत्रणा नळीने बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आवश्यक मानते. गाळणीच्या मुखवट्यावर ती विसंबत नाही.

त्या यंत्रणेने आणखी एका सवयीकडे लक्ष वेधले आहे. फवारणी थांबली की धुके गेले असे वाटते. प्रत्यक्षात त्यातील सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसतच नाहीत आणि बंद खोलीतील हवा स्वच्छ व्हायला कित्येक मिनिटे लागतात. वासावरही भरवसा ठेवता येत नाही. थिनरचा वास येतो, आयसोसायनेटचा धोका वास येण्याच्या आधीच सुरू झालेला असतो. आणि नेमक्या त्याच मिनिटांत, थर सारखा बसला की कुठे ओघळला हे जवळून पाहण्यासाठी, कारागीर मुखवट्याची काच वर करतो.